जळक्या तेलाचा तिसरा ड्रम

मी क्लबाला आठ वर्षं फसवलं, आणि क्लबानं डॉक्टर पाध्यांना एका दुपारी फसवलं. माझ्या फसवणुकीची शिक्षा मला त्याच दुपारी मिळाली. दुसऱ्या फसवणुकीची अजून कुणालाही मिळालेली नाही. हे लिहायला बसलो ते त्यासाठी. कामाच्या गमतीजमती मध्ये येतील तेव्हा येतील.

मी किसन बोरकर, राहणार सक्करदरा. वडील कन्हान नदीची वाळू बैलबंडीनं नागपुरात आणून विकायचे. त्या एका बंडीचे मी दोन ट्रक केले. कुणाच्या कृपेनं नाही, तोंडाच्या जोरावर. माझ्याशी भाव करून कुणी हसत घरी गेल्याचं मला आठवत नाही. साठच्या दशकात मला इंग्रजांच्या वेळच्या एका जुन्या क्लबात गोल्फचं मैदान राखायचा ठेका मिळाला आणि वीसएक वर्षं तो माझ्याकडं राहिला.

गोल्फ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. काठीनं चेंडू मारत न्यायचा आणि दूरच्या एका भोकात घालायचा. अशी नऊ भोकं, दोनदा फिरायचं. ज्याला कमी फटके लागले तो जिंकला. ज्यात कमी आकडा सांगणारा मोठा ठरतो असा हा एकच खेळ मला माहीत आहे. म्हणून पहिल्या दिवसापासून तो मला गिऱ्हाइकाच्या बाजूचा वाटला.

चित्रातल्या गोल्फमध्ये भोकाभोवती मऊ हिरवळ असते. नागपूरच्या उन्हाळ्यात तशी हिरवळ जगवायची तर अर्ध्या शहराचं पाणी तोडावं लागलं असतं. म्हणून आमच्या मैदानावर भोकाभोवती वाळूचं गोल अंगण असायचं. ती वाळू उडू नये, चेंडू तिच्यावरून सरळ घरंगळावा, म्हणून तिच्यात ट्रकच्या इंजिनातून काढलेलं जळकं तेल कालवायचं. रंग तपकिरी व्हायचा, म्हणून त्याला ब्राऊन म्हणत. खेळणाऱ्याचा चेंडू ब्राऊनवर आला की आमचा माणूस गोणपाट गुंडाळलेला पाटा चेंडूपासून भोकापर्यंत ओढून रस्ता साफ करायचा, आणि मग साहेब वाकून, श्वास धरून मारायचे.

ब्राऊन करणं वाटतं तितकं सोपं नाही. कन्हानची वाळू दोनदा चाळायची. तेल थोडं थोडं घालून फावड्यानं उलथीपालथी करायची. मग परीक्षा. मूठभर वाळू दाबायची आणि मूठ उघडायची. लाडू वळला पाहिजे, पण बोट टेकवलं की त्याचे दोन तुकडे झाले पाहिजेत. लाडू फुटला नाही तर तेल जास्त झालं. वळलाच नाही तर ठेकेदार लबाड. यातलं शेवटचं वाक्य मी माझ्या माणसांना शिकवलं, क्लबाच्या मेंबरांना नाही.

मेंबरांचं ब्राऊनशी नातं सुनेचं सासूशी असतं तसं. जमलं तर स्वतःचं कौतुक, बिघडलं तर तिचा दोष. एक बँकेतले मोठे साहेब चौथ्या ब्राऊनवर हटकून चुकायचे. एकदा ते सुताराची पाणसळ घेऊन आले. मला बोलावलं, वाळूवर पाणसळ ठेवली आणि म्हणाले, "बघ, उतार आहे." आम्ही दोघांनी वाकून पाहिलं. बुडबुडा बरोबर मधोमध.

"पाणसळ खराब दिसते," साहेब म्हणाले.

मी म्हटलं, "दुसरी आणा जी. सापडेपर्यंत आणत राहा."

त्यांनी माझी तक्रार केली. मीही त्यांची केली. दोन्ही तक्रारी एकाच फायलीत गेल्या.

आता फसवणूक. दर खेपेला ब्राऊनसाठी तीन ड्रम तेल ठरलेलं होतं. मी दोन घालायचो. तिसरा ड्रम लकडगंजला लाकडाच्या वखारीत जायचा. खांबांना, फळ्यांना वाळवी लागू नये म्हणून तिथं जळकं तेल मारत. वखारवाला माझ्यासारखाच होता, त्यामुळं आमचं पटायचं. असं आठ वर्षं चाललं. सबब सांगत नाही. सगळेच करत होते असंही म्हणत नाही. मी करत होतो.

त्यामुळं व्हायचं असं की वाळू वरून कोरडी राहायची. चेंडू हळू मारला तर अर्ध्या वाटेत रेंगाळायचा, एखाद्या कणावर अडून बाजूला वळायचा. त्या काळचे सगळ्यात देखणे खेळाडू म्हणजे साठे वकील. हात लोण्यासारखा, चेंडूला इतकं हळू हलवायचे की तो लाजत लाजत भोकात जायचा. माझ्या ब्राऊनवर तो लाजून मध्येच थांबायचा. साठे वकील आभाळाकडं पाहायचे, मी जमिनीकडं.

डॉक्टर पाध्ये तसे खेळत नव्हते. धंतोलीत त्यांचा दवाखाना होता. अमरावती-चंद्रपूरकडून पेशंट यायचे, पहाटेच्या गाडीनं येऊन ओट्यावर बसलेले असायचे. डॉक्टर सकाळी उजाडताच नऊ भोकं खेळून दवाखाना उघडायचे. ते ब्राऊनवर चेंडू ढकलत नसत, ठोकत. सरळ, कोरडा ठोका. भोक चुकलं तर चेंडू पार पलीकडं. पण चुकायचा क्वचित. सहा वर्षांत चार वेळा त्यांनी क्लबाची चॅम्पियनशिप जिंकली, आणि एका वर्षी बहात्तर फटक्यांत. लोक म्हणायचे, डॉक्टरचा हात खाटकासारखा आहे, पण नशीब मोठं आहे.

मग माझी फसवणूक बंद झाली. मी सुधारलो असं कुणी समजू नये. लकडगंजवाले डब्यातलं तयार औषध वापरायला लागले आणि तिसऱ्या ड्रमला गिऱ्हाईक उरलं नाही. ठेवायचा कुठं? घातला ब्राऊनमध्ये. त्या हंगामापासून माझे ब्राऊन असे झाले की बाहेरगावचे खेळाडू हात फिरवून बघत. चेंडू काचेवरून जावा तसा जायचा. पुढच्या दोनतीन वर्षांत सगळ्यांचेच फटके कमी झाले, आणि क्लबात बोललं जाऊ लागलं की नवी पिढी भारी खेळते.

या नव्या पिढीत सूद नावाचा एक कोळसा कंपनीचा अधिकारी होता. पंजाबी, उंच, हसतमुख, माणसांना नावानं हाक मारणारा. त्याच्यावर माझा काडीचाही राग नाही. तो एकोणसत्तर फटक्यांत खेळला. क्लबाच्या रजिस्टरात त्याहून कमी आकडा नाही.

ऐंशीच्या आगेमागे क्लबाच्या कमिटीनं ठरवलं की मोठ्या हॉलमध्ये एक सागवानी फळा लावायचा आणि त्यावर क्लबाच्या आजवरच्या सर्वश्रेष्ठ खेळाडूचं नाव सोनेरी अक्षरांत लिहायचं. एकच नाव. झालं, महिनाभर व्हरांड्यात दुसरा विषय नव्हता. मी पायऱ्यांवर बसून ऐकायचो.

"डॉक्टरच्या वेळी खेळायला होतं कोण? दहा जण. त्यात चार जण पोट कमी करायला यायचे."

"आणि आता चाळीस आहेत, त्यातले तीस पोट वाढवायला येतात."

"त्या काळच्या काठ्या बघा. लाकडाच्या. त्या घेऊन मारून दाखवा म्हणावं."

"अहो, मग सूदला ती काठी द्या आणि डॉक्टरांना सूदचं वय द्या."

माझ्या लक्षात आलं ते एवढंच. ज्या वर्षी ज्याचे गुडघे शाबूत होते, त्या वर्षीचा विजेता त्याच्या मते सगळ्यात मोठा. काठीबद्दल बोलले, चेंडूबद्दल बोलले, हवेबद्दलसुद्धा बोलले. चेंडू ज्या वाळूवरून जातो तिच्याबद्दल एक माणूस बोलला नाही. वाळू म्हणजे त्यांना आभाळासारखी वाटायची, आपोआप आलेली.

शेवटी सेक्रेटरी भार्गव यांनी वाद मिटवला. म्हणाले, "झगडा किस बात का? रजिस्टर है ना. सबसे कम जिसका, नाम उसका." सूदचे एकोणसत्तर, डॉक्टरांचे बहात्तर. संपलं.

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं, "काहून, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." ती म्हणाली, "काही नाही तर ताट काहून सरकवलं?" तिला तिसऱ्या ड्रमचं ठाऊक होतं. मी फळ्याचं सांगितलं. ती थोडा वेळ भांडी आवरत राहिली आणि म्हणाली, "म्हंजे डॉक्टरले तुम्ही हरवून राहिले, तेबी इतक्या वर्षांनं." माझा आवाज चढला. तो माझा जन्माचा दोष आहे. पण ती चूक बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी धंतोलीला गेलो. चिठ्ठी घेतली, पेशंटांच्या रांगेत बसलो. डॉक्टर तेव्हा सत्तरीला आले होते. खेळणं सुटलं होतं, दवाखाना सुटला नव्हता. माझा नंबर आला.

"काय होतंय किसन?"

"दुखत काही नाही जी. एक सांगाचं होतं."

मी सगळं सांगितलं. दोन ड्रम, तिसरा ड्रम, लकडगंज. त्यांनी नळी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली आणि हसले.

"मला माहीत होतं रे. दुसऱ्या हंगामापासूनच."

"कसं काय जी?"

"आमचा धोबी. आधी दर आठवड्याला ओरडायचा, पँटीच्या काठाला तेल लागतं, निघत नाही म्हणून. एका वर्षी त्याचं ओरडणं थांबलं. मी म्हटलं, धोबी सुधारला की वाळू बिघडली? मूठभर वाळू घरी आणून बघितली. लाडू वळेना."

ही परीक्षा मी त्यांना कधी शिकवली नव्हती. त्यांनी माझ्या माणसांकडं पाहून शिकून घेतली होती.

"मग सांगितलं काहून नाही कमिटीले?"

"सांगितलं असतं तर तू गेला असतास. आणि वाळू नीट झाली असती, तर साठे जिंकला असता." मग डॉक्टर उठून खिडकीशी गेले. "वर गच्चीवर मी पत्र्याच्या एका ट्रेमध्ये तुझी कोरडी वाळू भरून ठेवली होती. दवाखाना बंद केल्यावर रोज तासभर ठोकायचो. हळू मारून जमत नाही हे आठ दिवसांत कळलं. बाकीचे आठ वर्षं नशिबाला शिव्या देत बसले."

हे ऐकून मी गोंधळलो हे कबूल करतो. म्हणजे माझ्या चोरीनंच डॉक्टरांना चॅम्पियन केलं? मग मी कुणावर अन्याय केला, साठ्यांवर की डॉक्टरांवर? घरी परत येईपर्यंत मी हा हिशोब उलटसुलट केला. माझं उत्तर असं आहे: वाळू सगळ्यांना सारखीच कोरडी होती. एकानं ती ओळखली आणि तिच्याशी झगडला. यालाच खेळणं म्हणतात. पुढं सूदला मिळालेली काच त्याला फुकट मिळाली होती, तिसऱ्या ड्रमासकट.

मी उठताना डॉक्टर म्हणाले, "तू कमिटीपुढं काही बोलू नकोस. ठेका जाईल. मला त्या फळ्याचं काय करायचंय या वयात?"

"तो माहा प्रश्न आहे जी."

मी दारापर्यंत पोचलो तेव्हा त्यांनी मागून विचारलं, "अक्षरं सोनेरी असणार म्हणालास ना?"

त्या प्रश्नावर माझा निर्णय झाला.

कमिटीची बैठक दुपारी होती. मला बोलावणं नव्हतं. मी आत गेलो. टेबलाशी तिघे, अध्यक्षसाहेब, भार्गव आणि एक मेंबर. भिंतीला टेकून तो फळा उभा होता, अजून कोरा.

"बोरकर, तुम्हारा क्या काम है इधर?" भार्गव म्हणाले.

"फळ्याचं काम आहे जी."

"उसका ठेका दे दिया लकडगंज में."

"ठेका नाही मांगत. फळ्यावर नाव चुकीचं चाललं आहे."

मी सांगितलं. बसायला कुणी म्हटलं नाही, उभ्यानंच सांगितलं. आठ वर्षं तिसरा ड्रम घातला नाही. ज्या वर्षी डॉक्टर बहात्तर खेळले त्या वर्षीही नाही. त्या कोरड्या वाळूवरचे बहात्तर आणि आताच्या वाळूवरचे एकोणसत्तर यांची तुलना म्हणजे बंडी आणि मोटार एकाच रस्त्यावर न पाहता नुसत्या वेळा मोजण्यासारखी आहे. हवं तर मी एक ब्राऊन जुन्या पद्धतीचा करून देतो, कुणालाही खेळवून बघा.

अध्यक्षसाहेब कुठल्याशा सरकारी खात्यातून मोठ्या जागेवरून निवृत्त झालेले. त्यांनी पेनचं टोपण लावलं, काढलं. "म्हणजे तुम्ही चोरी कबूल करता?"

"कबूल कराले तर आलो जी."

"आणि हे तुम्ही स्वखुशीनं सांगता आहात?"

"स्वखुशी कशाची? डॉक्टरचं नाव लिहा म्हणून सांगून राहिलो."

"दोन वेगळे विषय आहेत," ते म्हणाले. मला बाहेर थांबायला सांगितलं. माझा आवाज पुन्हा चढला, मी टेबलावर हात आपटला, दौत हलली. मग बाहेर थांबलो.

तासाभरानं एक कागद माझ्या हातात आला. तो आजही माझ्याकडं आहे. ठराव पहिला: ठेकेदार बोरकर यांनी अनेक वर्षे ब्राऊनमध्ये ठरल्यापेक्षा कमी तेल घातल्याचे स्वतः कबूल केले असल्याने त्यांचा ठेका तात्काळ रद्द करण्यात येत आहे. ठराव दुसरा: त्या वर्षांत ब्राऊनची स्थिती आजच्यापेक्षा वेगळी होती असे मानण्यास कोणताही आधार नसल्याने फळ्यावरील नावात बदल करण्याचे कारण नाही. खाली तिघांच्या सह्या. दोन्ही ठरावांमध्ये बोटभर जागा.

मी आयुष्यभर भाव केले आहेत. एकाच मालाला घेताना खरा आणि देताना खोटा म्हणणारे पुष्कळ पाहिले, पण ते निदान दोन वेगळ्या दिवशी म्हणायचे.

दोन दिवसांनी सूद माझ्या घरी सक्करदऱ्याला आला. कुठून तरी त्याच्या कानावर गेलं होतं. म्हणाला, "बोरकर, वो पुराना वाला ब्राऊन बना के दिखाओ." मी म्हटलं, "मी आता तिथला कुणी नाही साहेब." तो म्हणाला, "मेरे बंगले में जगह है." मी त्याच्या बंगल्यामागं कोरडी वाळू टाकून दिली, दोन ड्रमच्या हिशोबानं. सकाळचे दोन तास तो खेळला. पहिले दहा चेंडू वाटेतच मेले. मग त्यानं जोर लावला, ते पलीकडं गेले. घाम पुसत त्यानं विचारलं, "डॉक्टरसाहब इस पे बहत्तर खेले?"

"हो जी."

"तो मेरा नाम क्यों लिख रहे हैं?"

"ते मले नाही, त्यांले विचारा."

त्यानं विचारलं. क्लबाला पत्र लिहिलं, नाव मागं घ्या म्हणून. भार्गव व्हरांड्यात सगळ्यांना ते पत्र वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, "देखो, चैंपियन ऐसा होता है. कितनी नम्रता." नाव तसंच लिहिलं गेलं. पुढं सूदची बदली झाली.

फळा भिंतीवर चढायच्या आदल्या दिवशी डॉक्टर एकदा क्लबात आले. मी त्यांच्या गाडीतच बाहेर बसलो होतो, मला आत मज्जाव होता. त्यांनी परत आल्यावर सांगितलं ते असं. फळा हॉलमध्ये टेबलावर आडवा होता. ते चष्मा लावून सोनेरी अक्षरं वाचत होते तेव्हा त्यांना एक वास आला. त्यांनी फळ्याच्या मागं बोट फिरवलं. बोट काळं झालं. लकडगंजच्या वखारीत कितीतरी वर्षं पडून असलेल्या जुन्या फळीचा तो फळा होता आणि मागच्या अंगाला जळकं तेल मारलेलं होतं.

डॉक्टरांनी ते बोट मला दाखवलं. म्हणाले, "किसन, तुझा तिसरा ड्रम शेवटी क्लबात पोचला बघ." आणि धंतोली येईपर्यंत हसत होते. बोट मात्र त्यांनी पुसलं नाही, रुमाल खिशात असून.

डॉक्टर आता नाहीत. फळा आहे. माझा एकही ट्रक आता त्या फाटकातून आत जात नाही, त्याचं मला वाईट वाटत नाही. चोरी केली होती, ठेका गेला, सौदा बरोबर झाला. पण माझ्या कबुलीचा अर्धा भाग त्यांनी ठेवून घेतला आणि अर्धा परत केला, असा व्यवहार मी लकडगंजच्या वखारवाल्यालाही करू दिला नसता.

त्या कागदावर सह्या करणारे तिघेही संध्याकाळी त्याच व्हरांड्यात बसतात. मी खोटं बोललो असेन तर त्यांनी माझा ठेका परत करावा. खरं बोललो असेन तर फळा उतरवून त्यावर डॉक्टर पाध्यांचं नाव लिहावं. दोन्हीपैकी कोणतंही एक मला चालेल. फक्त तिघांपैकी एकानं, कुणीही, मला सही करून उत्तर द्यावं: त्या दुपारी तुमच्या टेबलासमोर उभा राहून मी खरं बोललो होतो की खोटं?